आवाज बंद करून पाहिलेले सिनेमे

त्याच्या घरी सिनेमाला आवाज नसे. सिनेमे बोलपटच असत, हॉलिवूडचे, चाळीसच्या दशकातले, काळेपांढरे. पण टीव्ही सुरू झाला की तो आधी आवाज शून्यावर आणायचा, रिमोट सोफ्याच्या उशीखाली सरकवायचा, घसा खाकरायचा, आणि पडद्यावरच्या एकूण एक माणसाचं स्वतः मराठीत बोलायचा. हिरोचं, खुन्याचं, वकिलाचं, हॉटेलातल्या वेटरचं. एखादा कुत्रा भुंकताना दिसला तर कुत्र्याचंसुद्धा. तेही नागपुरी मराठीत.

मी त्याच्याविषयी आजवर कुणाशी धड बोललेलो नाही. बायकोनं विषय काढला की मी पाणी प्यायला उठतो. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आमच्या पुण्याच्या घरात कमी बोलणं हा गुणच धरला जायचा, आणि इथं जर्मनीत आल्यावर तर त्याला कामातली शिस्त असं नाव मिळालं. पण आता पन्नाशी उलटली. आता सरळ लिहून टाकतो. मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. अजून वाटतो.

आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो. मी गाडीच्या ब्रेकचं बघायचो, तो गाडीच्या आतल्या आवाजाचं. म्हणजे दार लावल्यावर कसा आवाज यावा, खिडकी वर जाताना किती कुरकुर चालेल, हे मोजायचं काम. दिवसभर कानाला हेडफोन लावून तो ते ऐकत बसे आणि घरी जाऊन सिनेमाचा आवाज बंद करी. हे मी एकदा त्याला बोलून दाखवलं, तर म्हणाला, "मिठाईवाला घरी जाऊन पेढे खाते का बे?"

मी त्याला पहिली दोन वर्षं 'तुम्ही' म्हणत होतो. तो मला पहिल्या दिवसापासून 'तू' आणि 'पुणेकर'. माझं नाव त्यानं कधी घेतल्याचं आठवत नाही.

दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, जाड भिवया, एकटा राहणारा. हिवाळ्यात जुन्या बाजारातून घेतलेली राखाडी फेल्ट हॅट घालायचा आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये बायका आल्या की ती काढून छातीशी धरायचा, त्याच्या सिनेमातल्या लोकांसारखी. जर्मन बायका हसायच्या, पण त्याला जागा द्यायच्या. मी इतकी वर्षं त्याच लिफ्टनं जात होतो. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही.

ऑनलाइन मीटिंग असली की त्याची खरी चैन. सगळे जर्मन वरिष्ठ छोट्या छोट्या चौकोनांत बसलेले, आणि हा त्यांचा आवाज बंद करून शेजारी मला हळू आवाजात सांगणार, "पाहा पाहा, टकल्या म्हणून राहिला, वहिनी, पोह्यात मीठच नाही. आता ती चष्मेवाली म्हणते, तुमच्या आईनं केले होते भाऊजी, मले काय सांगता." मी ओठ घट्ट मिटून बसायचो. मीटिंग संपली की काय ठरलं ते मात्र त्याला नेमकं माहीत असायचं. "तोंड पाह्यचं," म्हणायचा. "ओठ नाही पाह्यचे. ओठ खोटं बोलते. माणसाचं खरं कपाळावर असते."

सिनेमाच्या बाबतीत तो कडक होता. चाळीसच्या दशकाच्या अलीकडचं काही घरात येऊ द्यायचा नाही. रंगीत तर नाहीच. "रंग आला की बाई काय नेसली तेच पाहत बसते माणूस." सिनेमांची खरी नावं तो सांगायचा नाही. त्याची स्वतःची नावं होती: 'नळवाला', 'उशिरा आलेली वरात', 'हेडमास्तरीण'. 'नळवाला' म्हणजे ज्यात एक माणूस पावसात कॉलर वर करून रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा असतो, सिगारेटी ओढतो आणि पुन्हा पुन्हा घड्याळ बघतो. कुणाही शहाण्या माणसाला कळेल की तो कुणाच्या तरी मागावर आहे. पण ह्याच्या मराठीत तो नगरपालिकेच्या नळाला पाणी यायची वाट बघत असे. "साडेपाचचा टाइम दिला होता. सव्वासहा झाले. बायको घरी वाट पाहून राहिली. आता मी एकटा किती हंडे नेऊ?" असं त्या देखण्या, उदास चेहऱ्याच्या माणसाच्या तोंडी. आणि खरं सांगतो, तो चेहरा बघितला की वाटायचं, हो, हंड्यांचीच काळजी दिसते ही.

आमच्याच ब्राउनश्वाइग शहरात तो चौथ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट नव्हती. आम्ही पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो ते एका रविवारी जेवायला. बायको, मी आणि आमची मुलगी. मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची.

तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच आहे. ती इथंच जन्मली. तिला मराठी कळायचं, पण बोलायची जर्मन. मी विचारायचो, "शाळा कशी होती?" ती म्हणायची, "गूट," म्हणजे छान. मी विचारायचो, "जेवलीस का?" ती म्हणायची, "या," म्हणजे जर्मनमधलं हो. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालतं, त्यात नवल नाही. पण मला ते लागायचं. माझं जर्मन कामापुरतं. ब्रेक, दाब, तापमान, अंतर. त्या भाषेत मला मुलीला रागावता यायचं नाही आणि तिची समजूतही काढता यायची नाही. म्हणून मी दोन्ही करायचं सोडून दिलं होतं. वाट बघत होतो. केव्हातरी ही मराठीत बोलायला लागेल, मग आपण बोलू.

तर त्या रविवारी त्यानं तर्री पोहे केले होते, इतके तिखट की बायकोचे डोळे वाहायला लागले. मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात फोन घेऊन फुगून बसलेली. जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात ताटं धुवायला गेलो. बाहेर त्यानं सिनेमा लावला. त्याचा आवाज ऐकू येत होता, कधी जाड, कधी बायकी. आणि मग एका मुलीचा आवाज आला. स्पष्ट मराठी. "मी तुमच्याबरोबर येणार नाही. मला उद्या परीक्षा आहे."

मला वाटलं, कुणी पाहुणी आली. हात पुसत बाहेर आलो. सोफ्यावर तिघंच होती. पडद्यावर एक लोकरीचा कोट घातलेली बाई एका माणसाकडे पाठ करून उभी होती, आणि माझी मुलगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून तिचं बोलत होती. तो तिला म्हणत होता, "चूप. घाई नको करू पोट्टी. तिचं तोंड इकडं वळू दे. हां. आता बोल."

"झालं काय होतं," बायको नंतर गाडीत सांगत होती, "त्यांना एकाच वेळी दोन बायकांचं बोलायचं होतं. ते म्हणाले, मले दोन बाया जमत नाही, ही एक तू घे. आणि हिनं घेतली! अहो, किती छान बोलली. तुम्ही ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. मी आरशातून मागच्या सीटकडे बघितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मी मराठीत विचारलं, "मजा आली का?"

"या," ती म्हणाली.

तिथून सुरू झालं ते. दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्याकडे. मुलगी जिन्यावरून पळत पुढे जायची. ती त्याला काका म्हणायची, तो तिला पोट्टी. पडदे ओढलेले, बुद्धाची छोटी मूर्ती टीव्हीच्या वर फळीवर, आणि खाली टोप्या घातलेले ते सगळे गोरे लोक मुक्यानं तोंडं हलवत. मुलगी हळूहळू एकेक भूमिका त्याच्याकडून काढून घ्यायला लागली. बायका तर तिच्याच. मग लहान मुलं, मग म्हाताऱ्या. हिरो तेवढा त्यानं सोडला नाही.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी मला एकदा जिन्यात अडवून विचारलं, वर रविवारी प्रार्थना असते का? मी गडबडलो. त्या म्हणाल्या, नाही, त्रास नाही हो, भिंतीतून ऐकू येतं, त्या गृहस्थांचा आवाज फार छान आहे, माझी दुपार बरी जाते. मी मान हलवली. माझ्या शेजारच्या जर्मन माणसाला मी आठ वर्षं शेजारी राहतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

मी त्या खोलीत क्वचित बसायचो. ताटं धुवायचो. ताटं संपली की गॅसची शेगडी पुसायचो. आणि दारातून ऐकायचो. माझी मुलगी सरकारी वकील होऊन भांडायची, आई होऊन रागवायची, आजारी पडून शेवटचे शब्द बोलायची, सगळं मराठीत. घरी आल्यावर "गूट" आणि "या". बायको म्हणायची, "अहो, तुम्ही जरा त्यांच्यासारखं बोला ना तिच्याशी." मी म्हणायचो, "मला नाटकं जमत नाहीत." आणि पाणी प्यायला उठायचो.

मत्सर स्वस्थ बसू देत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी ऑफिसात दुपारच्या सुटीत ते सिनेमे शोधून काढायला लागलो. नावं माहीत नव्हती, म्हणून नटांच्या चेहऱ्यांवरून, वर्षावरून, पोस्टरवरून. सापडले. प्रत्येकाची गोष्ट वाचली. आणि माझ्या लक्षात आलं, की हा सगळं खोटं सांगतो. 'नळवाला' खुनी होता. 'उशिरा आलेली वरात' म्हणजे बँक लुटून पळालेल्या टोळीची गाडी. भाऊ-बहीण म्हणून तो ज्यांना दाखवायचा ते नवरा-बायकोही नव्हते. मला इतका आनंद झाला की मी घाबरलो. ब्रेकमधला दोष सापडल्यावर व्हायचा तसला आनंद. तो मी कुणाला सांगितला नाही. जपून ठेवला.

'हेडमास्तरीण' हा सिनेमा मुलीचा सर्वांत लाडका. त्यात एक मोठा हॉल असतो, टेबलं मांडलेली, सुटाबुटातले लोक बसलेले. दिवे मंद होतात. चमचमता पायघोळ झगा घातलेली एक उंच बाई येते, मायक्रोफोनसमोर उभी राहते, दोन्ही हातांनी त्याचा दांडा धरते आणि तोंड उघडते. लोक खाणंपिणं थांबवून बघत राहतात. तो सांगायचा, ही मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण. सभेत भाषण देऊन राहिली. मुलींचं होस्टेल बांधायचं आहे, आणि हे सगळे शहरातले पुढारी जेवून घेतात पण मदत करत नाहीत. ते भाषण मुलीचं. ते ठरलेलं नसायचं. दर खेपेला ती नवं भाषण करायची. शाळेतल्या भांडखोर मुलावर, बसच्या उशिरावर, पावसाळी कंटाळ्यावर. तो पुढाऱ्यांच्या वतीनं मध्ये मध्ये ओरडायचा, "ऐका! ऐका!" बायको टाळ्या वाजवायची.

एका रविवारी मी ताटं धुवायला गेलो नाही. थकलो होतो, सोफ्यावर बसलो. बाई मायक्रोफोनपाशी आली. मुलगी उभी राहिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"बंधू आणि भगिनींनो," ती म्हणाली. "आज मी माझ्या बाबांवर बोलणार आहे."

"ऐका! ऐका!" तो म्हणाला.

"माझ्या बाबांना फक्त दोन प्रश्न येतात. शाळा कशी होती? जेवलीस का? मी विचार केला, एक दिवस मी सांगीन, शाळा जळाली. बघू तिसरा प्रश्न येतो का."

बायको खळखळून हसली. तोही हसला. मुलीनं पडद्यावरच्या बाईसारखा हात वर केला. "पण मला भीती वाटते. शाळा जळाली सांगितलं, तरी ते विचारतील, जेवलीस का?"

मी बसलो होतो त्या उशीखाली काहीतरी टोचत होतं. हात घातला, रिमोट होता. मी विचार केला असं म्हणणार नाही. आवाजाचं बटण दाबून धरलं.

खोलीत एकदम बँड वाजला. ती बाई गात होती. इंग्रजीत, घोगऱ्या आवाजात, दारूच्या अड्ड्यावर गातात तसलं गाणं. मग एका टेबलावरचा माणूस जर्मनमध्ये ओरडला, अजून एक व्हिस्की. सीडी इथली, जर्मनमध्ये डब केलेली, त्यामुळे गाणं तेवढं मूळचं आणि बाकीचे सगळे जर्मन बोलणारे.

"ती गाणारी बाई आहे," मी म्हणालो. मला बँडच्या वर ओरडावं लागलं. "जुगाराच्या अड्ड्यातली. हेडमास्तरीण वगैरे काही नाही. ह्यातलं एकही खरं नाही. मी सगळं वाचलंय."

त्यानं पुढे होऊन टीव्हीच बंद केला. खालून आजींनी छताला काठी ठोकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलगी अजून उभी होती, हात अर्धवट वर. मग ती शांतपणे जाऊन बूट घालायला लागली.

गाडीत ती एकच वाक्य बोलली, जर्मनमध्ये. म्हणाली, ती गाते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाबा. मी मूर्ख नाही.

त्यानंतर ती त्याच्याकडे गेली नाही. मला वाटलं होतं, तिथलं थांबलं की ते मराठी घरी येईल, जसं काही पाण्याचा एक नळ बंद केला की दुसऱ्याला जोर येतो. तसं काही झालं नाही. ती आईशीही जर्मन बोलायला लागली. रविवारी खोलीचं दार लावून बसायची. आणि लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो, की पहिल्या एक-दोन रविवारी मला बरं वाटलं. जिने चढावे लागले नाहीत. घरात आम्ही तिघंच. जिंकल्यासारखं.

ऑफिसात तो माझ्याशी नेहमीसारखाच वागला. मीटिंगमध्ये टकल्याचं पोह्यांविषयी चालूच होतं. मी हसत नव्हतो, तोही आग्रह करत नव्हता. मग एका शनिवारी दारात उभा. हॅट छातीशी. बायकोनं "या ना भाऊजी" म्हणत आत घेतलं. मुलीचं दार बंद. तो दाराकडे बघून म्हणाला, "नको हाक मारू वहिनी. मी याच्याकडं आलो."

आम्ही बाल्कनीत उभे राहिलो. थंडी होती. तो म्हणाला, "मलेही माहीत आहे बे ती गाऊन राहिली. इंजिनियर आहो मी."

"मग?"

"माही माय मले न्यायची. रविवारी सकाळचा इंग्रजी पिक्चर. घरी बाप आणि त्याचे दोस्त पत्ते कुटत बसायचे, चहा कर, पाणी दे. इंग्रजी पिक्चरले वस्तीतलं कोणी येत नव्हतं, म्हणून ती तिथं जायची. दोन घंटे तिले कोणी काही मागायचं नाही. तिले इंग्रजी येत नव्हतं. मलेही नाही. मग ती मले कानात सांगे, हा असा म्हणून राहिला, ती तशी म्हणून राहिली. तिनं बाई माईकसमोर कुठं पाहिली होती? सभेत. आमच्या वस्तीत सभा व्हायच्या, शिकलेल्या बाया यायच्या भाषणाले. मग ही बाईही भाषणच देऊन राहिली. तिच्या पिक्चरमधल्या साऱ्या बाया शिकलेल्या. एक डॉक्टर, एक वकील, एक हेडमास्तरीण."

मी बाल्कनीचा कठडा धरून ऐकत होतो. मला बोलायचं होतं.

"कॉलेजले गेलो, इंग्रजी समजाले लागलं. सुट्टीत आलो तर मायनं मले त्याच पिक्चरले नेलं. एका कानात ती सांगून राहिली, दुसऱ्या कानात पिक्चर. दोन्ही ऐकू येऊन राहिले. मी एक कान दाबून बसलो." त्यानं हॅट फिरवली. "ती गेली तवापर्यंत तिले खरं माहीत नव्हतं. मी सांगू शकलो असतो. कायले सांगायचं? तिची गोष्ट जास्त चांगली होती."

"मी माफी..." मी सुरुवात केली.

"ते राहू दे. तू भडकला, बरोबर केलं. भर सभेत कोणी आपलं नाव घेतलं तर माणसानं उठून बोललं पाहिजे. पण तुले बोलायचं होतं तर तू बोलायचं ना बे पुणेकर. टीव्हीले कायले बोलाले लावलं?"

जाताना सांगितलं, की त्यानं नोकरी बदलली. तिकडे दक्षिणेत, हेर्त्सोगेनआउराखला. महिन्याअखेर जाणार. माझ्यामुळे का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यानंच सांगितलं, "तुझ्यामुळं नाही. तिथं घराले लिफ्ट आहे." सीड्यांचं खोकं त्यानं मुलीच्या दाराशी ठेवलं आणि गेला. दार उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खोकं तिथं नव्हतं.

ती त्याच्याशी फोनवर बोलायची, हे मला बायकोकडून कळलं. दार बंद करून, मराठीत. भिंतीतून आवाज यायचा, शब्द नाही.

मग मी एक गोष्ट केली. कुणाला न सांगता. ब्राउनश्वाइगहून मी रोज गाडीनं वोल्फ्सबुर्गला ऑफिसात जातो. त्या रस्त्यावर गाडीत मी बोलायला लागलो. आधी नुसता घसा खाकरला. मग एखादं वाक्य. 'हेडमास्तरीण'मधे एक हवालदार आहे, अगदी छोटं काम, दोनदाच. येतो, टोपी सारखी करतो, कुणाला तरी काहीतरी विचारतो, जातो. मी त्याचं बोलायला लागलो. "काय चाललंय इथं? परवानगी आहे का सभेची?" स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटायची. शेजारच्या लेनमधला ट्रकवाला बघायचा. मग कळलं, की मला सगळंच पाठ आहे. हवालदाराचं, पुढाऱ्यांचं, हिरोचं. शेगड्या पुसता पुसता मी तो सिनेमा शब्दन् शब्द गिळला होता. किती मन लावून मत्सर करत होतो मी!

हिरोचं एकदाच बोलून बघितलं. त्याच्या आवाजाची नक्कल झाली. ते सोडून दिलं. हवालदारावरच मेहनत घेतली.

गेल्या महिन्यात एका रविवारी बायको बाहेर गेली होती. खोकं मुलीच्या खोलीत, पण तो सिनेमा मी स्वतः जुन्या बाजारातून आणला होता. दिवाणखान्यात लावला. आवाज बंद केला. मुलीचं दार लावलेलं. मी एकटा सोफ्यावर. हवालदार आला. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "काय चाललंय इथं?"

काही नाही. पडद्यावर तो टोपी सारखी करून गेला. पुढचे सगळे लोक मुके. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो पुन्हा आला. "आपण कृपया सभेच्या परवानगीचा कागद दाखवता का?"

दार उघडल्याचं मला कळलं, पण मी वळलो नाही.

"हवालदार असा बोलत नाही," मागून आवाज आला. मराठीत.

"मग कसा बोलतो?"

"'कृपया' म्हणत नाही. कोणता पोलीस 'कृपया' म्हणते?" ती दारात उभी होती, मोजे घातलेली, पंधरा वर्षांची, माझ्यापेक्षा बोटभर उंच झालेली. कधी झाली कोण जाणे. "हा पुण्याचा वाटून राहिला."

"पुण्याचाच आहे," मी म्हणालो.

"नागपूरच्या पिक्चरमध्ये पुण्याचा पोलीस काहून येईल?"

 ब्रेकचा माणूस मी. नसलेली टोपी सारखी केली. मग म्हणालो, "बदली झाली त्याची. त्याला आवडलेलं नाही. इथं ओळखीचं कुणी नाही. घरची माणसं बोलत नाहीत त्याच्याशी. म्हणून 'कृपया' म्हणतो."

ती बघत राहिली. कपाळाकडे, ओठांकडे नाही. मग येऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. रिमोट उचलला, मागे नेलं, आणि हवालदार आला तिथं थांबवलं. "परत बोला."

मी परत बोललो. तिनं दोनदा थांबवून परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा नुसतीच मान हलवली. पुढे हिरो आला तेव्हा ती गप्प राहिली आणि मीही. ते मला येत होतं. पण ती जागा दुसऱ्याची होती, आणि कितीही जळफळाट झाला तरी माझ्या घरात ती तशीच मोकळी राहणार होती, हे त्या मिनिटाला मला मान्य करावं लागलं.

सिनेमा संपायच्या आधीच तिनं फोन उचलला. मला सांगायला नको, कुणाला लावला ते. स्पीकरवर ठेवला.

"काका, बाबांनी हवालदार केला."

तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग त्याचा तो जाड, मोकळा हसण्याचा आवाज आमच्या दिवाणखान्यात भरला, आणि मला मत्सर वाटलाच. पहिली बातमी त्याला.

"कसा केला?" त्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बेकार," ती म्हणाली. "पण शिकून राहिले."